मीटिंग नेमकी कुठे अडकली?

रायपूर स्टेशनच्या मागच्या अंगाला, रुळांपलीकडे, गुढ़ियारी आहे. किराण्याची ठोक बाजारपेठ ही तिची मुख्य ओळख. खाली दुकान, मागे गोदाम, वर राहतं घर, आणि खांबांवरून वीज, केबल टीव्ही, फायबर अशा तारांचा एकमेकींत झालेला गुंता. अशाच एखाद्या घराच्या वरच्या खोलीत आता पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचं काम चालतं. रायपूरच्या मराठी घरांतल्या मुलामुलींनी नोकरीसाठी पुण्याला जाणं नवं नाही. तिकडे न जाता तिकडची नोकरी करणं मात्र नवं आहे. सरकारी नियमही अलीकडेच सैल झाले. कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांना माणसांकडून घरून काम करून घ्यायचं तर पूर्वी बँक हमीसारख्या अटी होत्या. दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी त्या काढल्या आणि २३ जून २०२१ रोजी नियम आणखी सोपे केले.

आणि मग एखाद्या सकाळी मीटिंग चालू असताना समोरचा चेहरा पडद्यावर थिजतो. ऑफिसच्या आयटी विभागाला फोन जातो, "सर, नेट नाही चालून राहिलं." पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, राऊटर बंद करून परत चालू करा."

या उत्तराशी माझं भांडण आहे. बंद-चालू केल्यावर पुष्कळदा नेट येतं, हे खरं. पण बिघाड कुठे होता याच्या खुणाही त्याच वेळी पुसल्या जातात. कुठला दिवा लाल होता, कुठला विझला होता, लॅपटॉपला राऊटर दिसत होता की नाही, सगळं जातं. उद्या त्याच वेळी तेच घडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आधी दोन मिनिटं नीट बघायचं, जे दिसलं ते वेळेसह लिहून ठेवायचं किंवा फोनवर फोटो काढायचा, आणि मग हवं तर बंद करायचं.

बघायचं काय, हे कळण्यासाठी वाट माहीत हवी. लॅपटॉपमधून निघालेला आवाज आणि चित्र आधी वायफायने (किंवा केबलने) राऊटरपर्यंत जातं. राऊटरमधून, किंवा त्याच्या शेजारच्या ओएनटी नावाच्या डबीतून, ते प्रकाशाच्या रूपात फायबरमध्ये शिरतं. गल्लीतल्या खांबावर स्प्लिटर असतो. तिथे बत्तीस किंवा चौसष्ट घरांच्या तारा एका तारेला मिळतात. ती तार नेट कंपनीच्या स्थानिक केंद्रात जाते. तिथून पुढे कंपनीचं मोठं जाळं, आणि शेवटी ऑफिसचा व्हीपीएन आणि सर्व्हर. "नेट गेलं" म्हणजे यातला एखादा सांधा निसटला. अख्खी वाट क्वचितच तुटते.

फोनवरून मदत करणाऱ्याने कुठलंही बटण दाबायला सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नेट फक्त तुमचं गेलं की घरातल्या सगळ्यांचं? सगळंच बंद आहे की फक्त मीटिंगचं ॲप? आणि शेजारी याच कंपनीची लाईन कुणाकडे असेल तर त्यांचं चालू आहे का? या तीन उत्तरांवरच निम्म्याहून अधिक शोध संपतो, असा माझा अनुभव आहे. दादाच्या मोबाईलवर त्याच वायफायने सगळं नीट चालत असेल तर राऊटरला हात लावण्यात अर्थ नाही, दोष लॅपटॉपमध्ये किंवा ऑफिसच्या बाजूला आहे. शेजारच्यांचंही गेलं असेल तर घरातलं काहीच तपासू नका. चहा प्या आणि तक्रार नोंदवा.

आता दिवे. पॉवरचा दिवा विझलेला असेल तर आधी अडॅप्टर आणि प्लग बघा. हे सांगायला संकोच वाटतो, पण झाडताना प्लग सैल झालेला असण्याचे प्रसंग थोडे नाहीत. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबरची गाठ केंद्राशी बसलेली आहे. एलओएसचा लाल दिवा म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. एक तर तार कुठेतरी तुटली, किंवा पलीकडचं यंत्र बंद पडलं. हा लाल दिवा राऊटर दहा वेळा बंद-चालू करूनही जाणार नाही. घरात फक्त एवढंच बघता येतं की दाराच्या चौकटीत किंवा कपाटामागे फायबर काटकोनात मुडपलेली नाही ना. काचेच्या तंतूला तांब्याच्या तारेसारखा वाक चालत नाही, वाकल्या जागी प्रकाश बाहेर गळतो. आणि धान्याच्या बाजारात उंदरांना तोटा नाही, तेव्हा जमिनीलगतची तारही बघून घ्यावी. निखळलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून मात्र कधीही बघू नका. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला बाधू शकतो.

लाल दिवा अधूनमधून लुकलुकत असेल आणि नेट येत-जात असेल, तर राऊटरच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' असा आकडा शोधा. घरोघरच्या नेहमीच्या फायबर जोडणीत तो उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या मध्ये हवा. उणे २८, उणे २९ दिसला तर प्रकाश जेमतेम पोहोचतो आहे. हा एक आकडा तक्रारीत लिहिला की नेटवाल्याचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो.

विजेचं प्रकरण गुढ़ियारीत वेगळं सांगायला नको. ५ एप्रिल २०२४ रोजी याच भागात वीज वितरण कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर ठेवलेल्या आवाराला मोठी आग लागली होती आणि धुराचे लोट शहरभर दिसत होते. अशा दिवशी नेटची काळजी कुणी करत नाही. पण एरवी अर्धा तास वीज जाते त्याची गोष्ट निराळी. ओएनटी आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. म्हणून पलीकडच्या केंद्रात बॅटरी असेल तर गल्ली अंधारात असतानाही तुमची मीटिंग चालू राहते. काही स्थानिक केबलवाले मात्र अजून गल्लीत विजेवर चालणारी स्विचची पेटी बसवतात आणि तिथून घरात साधी निळी-करडी लॅन केबल आणतात. तिथे तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही, गल्लीची लाईट गेली की पेटी आणि नेट दोन्ही जातं. आपली जोडणी यातली कुठली, हे नवीन कनेक्शन घेतानाच विचारून घ्यावं.

दिवे ठीक आहेत आणि तरी मीटिंग अडखळते, तेव्हा खरा शोध सुरू होतो. इथे पिंग हे जुनं, साधं, फुकट हत्यार कामाला येतं. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं. तो समोरच्या यंत्राकडे एक लहानसा संदेश पाठवतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदात सांगतो.

विंडोजवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून आधी 'आयपीकॉन्फिग' लिहा (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत). त्यात 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, तो तुमचा राऊटर. तुमच्या लॅपटॉपचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. पुढचं काही बघूच नका, वायफाय तोडून पुन्हा जोडा. पत्ता ठीक असेल तर दोन खिडक्या उघडा. एकीत 'पिंग', मग राऊटरचा पत्ता, आणि शेवटी डॅश-टी. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता २००९ पासून चालू आहे आणि लक्षात ठेवायला सोपा आहे. डॅश-टीमुळे मोजणी थांबत नाही, म्हणून दोन्ही खिडक्या मीटिंगच्या शेजारी चालू ठेवता येतात.

आता आवाज तुटेल तेव्हा बघायचं एवढंच, की कुठल्या खिडकीतले आकडे बिघडले. राऊटरपर्यंतचा वेळ एरवी एक ते पाच मिलिसेकंद असतो. तो मध्येच दोनशे, चारशे झाला किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर बिघाड तुमच्या खोलीत आहे आणि नेट कंपनीचा त्यात काही दोष नाही. राऊटरचे आकडे शांत आणि ८.८.८.८ चे बेफाम, तर बिघाड राऊटरच्या पुढे. दोन्ही शांत आणि तरी मीटिंग अडली, तर ऑफिसचा व्हीपीएन किंवा ते ॲपच अडलं आहे. दोष खोलीतला, लाईनवरचा की ऑफिसचा, हे ठरवायला यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही.

खोलीतला दोष बहुधा वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गुढ़ियारीसारख्या दाट वस्तीत आजूबाजूची वीस-पंचवीस वायफाय त्याच तीन चॅनेलवर बोलत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंत त्याला फारशी मानवत नाही. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला पत्र्याच्या बॉडीचा कूलर, लोखंडी कपाट, गच्चीखालची तापलेली खोली हे सगळे वायफायचे वैरी. राऊटर खालच्या दुकानात आणि काम वरच्या मजल्यावर अशी मांडणी असेल तर सेटिंग बदलत बसण्यापेक्षा वरपर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या. एवढं करा, बाकीचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. केबल लावल्यावर लॅपटॉप जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल तर टोकाची क्लिप बघा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. त्या चारांबाहेरची एक तार सुटली तरी काम चालतं, पण वेग दहा पटींनी उतरतो.

एक गोष्ट फार जणांना चकवते. स्पीड टेस्ट शंभर एमबीपीएस दाखवते, प्लॅनही शंभरचाच, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. मीटिंगला वेग फार लागतच नाही, चांगल्या चित्रासाठीही तीन-चार एमबीपीएस पुष्कळ झाले. लागतो तो नेमाने पोहोचणारा प्रवाह. बाजाराच्या गल्लीत पोती उतरवायला ट्रक उभा राहिला की मागच्या स्कूटरला रस्ता मोकळा असूनही थांबावं लागतं, तसं राऊटरमध्ये घडतं. मोबाईलमधले लग्नाचे पाचशे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागले की ते राऊटरच्या रांगेत आधी उभे राहतात आणि तुमच्या आवाजाचे लहान तुकडे त्यांच्या मागे. इंजिनिअर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याला बफरब्लोट म्हणतात. परीक्षा सोपी आहे. ८.८.८.८ चं पिंग चालू ठेवा आणि एखादी मोठी फाईल चढवायला लावा. तीसचा आकडा पाचशेवर गेला की रोग सापडला. मीटिंगच्या वेळेत फोटोंचा बॅकअप थांबवा, किंवा राऊटरमध्ये क्यूओएस, म्हणजे रांगेत कुणाला आधी सोडायचं हे ठरवणारी सोय, असेल तर चालू करा. महागडा प्लॅन घेऊन हे दुखणं बरं होईलच असं नाही.

किती मिलिसेकंद ठीक, याचाही अंदाज हवा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गुढ़ियारीच्या उशाशी मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आहे आणि रेलटेल ही २००० साली निघालेली सरकारी कंपनी अशाच रुळांच्या कडेने फायबर टाकत गेली. त्या मार्गाने मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. म्हणजे जाऊन यायला निदान ११ मिलिसेकंद हवेतच, त्यापेक्षा लवकर कुणालाच जमणार नाही. वाटेतली यंत्रं आणि वळणं धरून पंचवीस ते चाळीस आले तर तक्रारीला जागा नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल तर दोनशेच्या वरचे आकडेही नेहमीचेच. बोलण्याच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बिनत्रासाचा मानला आहे. त्रास होतो तो आकडा सारखा वर-खाली नाचतो तेव्हा.

यापुढचं हत्यार ट्रेसर्ट. ते वाटेतल्या एकेका यंत्राचं नाव आणि वेळ सांगतं. प्रत्येक संदेशावर टप्प्यांचा एक आकडा असतो, दर यंत्रापाशी तो एकाने घटतो, आणि शून्य झाला की ते यंत्र संदेश टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतं. ट्रेसर्ट मुद्दाम आकडा एक, दोन, तीन असा वाढवत संदेश पाठवतं आणि येणाऱ्या उत्तरांतून वाट शोधतं. पण इथे नवखे हमखास फसतात. मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले की "हीच जागा बंद" असा निष्कर्ष काढतात. मोठी यंत्रं अशा चौकश्यांना उत्तर द्यायला बांधील नसतात. दुसऱ्याचा माल पुढे ढकलणं हे त्यांचं काम, तुमच्याशी गप्पा मारणं नव्हे. बिघाड तेव्हाच समजायचा, जेव्हा एका ओळीपासून वेळ वाढतो किंवा तारे येतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत तसंच राहतं.

पिंग ८.८.८.८ ला चालतं, व्हॉट्सॲपही चालतं, पण ब्राउझर एकही पान उघडत नाही, तेव्हा दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. राऊटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हा बदल परस्पर करू नका, कंपनीची आतली पानं कंपनीच्याच डीएनएसला माहीत असतात.

व्हीपीएन लावल्यावरच अडत असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट हा तुमचा साक्षीदार. हॉटस्पॉटवरही व्हीपीएन अडला तर गोष्ट ऑफिसकडे गेली. तिथे चालला आणि घरच्या लाईनवर अडला, शिवाय लॉगिन होतं, लहान पानं उघडतात पण मोठी फाईल लटकते, असं असेल तर आयटीवाल्यांना 'एमटीयू' तपासायला सांगा. साधारण संदेशाची कमाल लांबी १५०० बाइट. पीपीपीओई पद्धतीच्या लाईनवर ती १४९२ होते, आणि व्हीपीएन आपलं वेष्टन चढवतो त्यात आणखी कमी. वेष्टनासह माप मोठं झालं की मोठे संदेश वाटेत गळतात आणि लहान निघून जातात.

मदत करणाऱ्यासाठी एक पथ्य. एका वेळी एकच बदल. केबल लावली, डीएनएस बदलला आणि राऊटरही बंद-चालू केला, तर नेट कशामुळे आलं हे कुणालाच कळत नाही आणि चार दिवसांनी तोच फोन पुन्हा येतो. "इंटरनेट दिसतंय का?" असंही विचारू नका, "दुसऱ्या दिव्याचा रंग कोणता आहे, ताई?" असं विचारा. काय वाटतं ते नको, काय दिसतं ते हवं. आणि मदत घेणाऱ्यासाठी इशारा. नेट कंपनीतून बोलतोय म्हणत कुणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन ताब्यात द्यायला सांगितली तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे.

बिघाड राऊटरच्या पुढचा ठरला तर तुमच्या हातात दुरुस्ती नाही, तक्रार आहे. रस्ता खोदताना फायबर कापली जाणं इतकं नेहमीचं की खोदणाऱ्याने आधी तारांच्या मालकाला कळवावं म्हणून २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप सुरू झालं. तक्रार "नेट स्लो आहे" अशी लिहू नका. "मंगळवारी सकाळी ११.१० ते ११.४०, लॅपटॉप केबलवर, राऊटरला पिंग १ मिलिसेकंद, ८.८.८.८ ला शंभरातले तीस संदेश हरवले, एलओएस बंद, शेजारच्या घरीही तेच" अशी लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. अशी तक्रार कॉल सेंटरच्या पहिल्या माणसाला परतवता येत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, पण ही दोन पायऱ्यांची व्यवस्था तिच्याच २०१२ च्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केली आहे. अपिलाला फी लागत नाही.